वाचकांचे प्रश्न : नवे कापड प्रयोगशाळेतून दुकानात कसे येईल?

पाणी, रसायने आणि कचरा यांचा भार कमी करणाऱ्या कापडनिर्मितीविषयी गेल्या अंकात या सदरातून लिहिले होते. असे शोध लागूनही ते बाजारात क्वचितच दिसतात, आणि संशोधक, कारखानदार व ग्राहक या तिघांची गाठ पडल्याशिवाय ते दिसणारही नाहीत, असा त्या लेखाचा मुद्दा होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली असून लेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : इचलकरंजीत आमचे लहान प्रोसेस हाऊस आहे. सुती कापड ब्लीच करून रंगवून देतो. सांडपाण्यावरून नोटिसा येतात आणि चर्चासत्रांची निमंत्रणेही येतात, पण तेथे परदेशी यंत्रांच्या चित्रफिती दाखवतात. आमच्यासारख्याला परवडेल असे काही आहे का? आणि आम्ही एकट्यानेच खर्च केला तर बाजारात टिकायचे कसे?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, म्हणून दोन्हींचे उत्तर सविस्तर देतो.

सुती कापड रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनी, म्हणजे तंतूशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांनी, रंगवताना सांडपाण्याची खरी अडचण रंगापेक्षा मिठाची असते. पाण्यात सुती तंतू आणि रंगाचा रेणू या दोहोंवर ऋणभार असल्याने ते एकमेकांना दूर सारतात आणि मीठ किंवा ग्लोबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) टाकल्याशिवाय रंग तंतूकडे नीट वळत नाही. गडद छटेसाठी एका लिटर द्रावणात ८० ग्रॅमपर्यंत, कधी त्याहूनही अधिक मीठ पडते आणि काम झाल्यावर ते सगळेच्या सगळे, न चिकटलेल्या रंगासह, गटारात उतरते. सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीतले जिवाणू विणण्यापूर्वी सुताला लावलेली (सायझिंगची) खळ आणि इतर सेंद्रिय पदार्थ पचवतात, पण मीठ पचवू शकत नाहीत. त्यामुळे बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना निवळ दिसले तरी त्यातला क्षार तसाच राहतो आणि ते पाणी वर्षानुवर्षे शेतात गेल्यास जमीन खारवते.

मीठ काढून टाकण्याचा खर्च मोठा आहे, पण ते मुळातच न टाकण्याचा एक मार्ग आपल्या आवाक्यात आहे. कोल्ड पॅड बॅच ही पद्धत नवी नाही आणि म्हणूनच विश्वासाची आहे. कापड पॅडिंग मँगलवर रंग आणि अल्कली यांच्या द्रावणातून काढून रबरी रुळांमध्ये पिळतात, रोलवर गुंडाळतात, वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट लपेटतात आणि तो रोल नेहमीच्या तापमानाला आठ ते चोवीस तास संथ गतीने फिरवत ठेवतात. फिरवायचा अशासाठी, की द्रावण एका बाजूला उतरून छटा बिघडू नये. नंतर फक्त धुलाई करायची. रंगवताना मीठ लागत नाही, वाफही लागत नाही आणि एकूण पाणी बरेच कमी लागते.

मग ही पद्धत सगळीकडे का नाही? याचे कारण तंत्रापेक्षा हिशेबात आहे. कापडातली खळ पूर्ण निघालेली नसेल तर ठिपके पडतात. रोलच्या पहिल्या आणि शेवटच्या मीटरमध्ये छटेचा फरक येऊ शकतो. रात्री हवा गार झाली तर रंग बसायला वेळ लागतो. हे सारे सरावाने आटोक्यात येते, पण सराव होईपर्यंत जे लॉट बिघडतील त्यांचा तोटा कोणी सोसायचा, हे ठरलेले नसते. छटा जुळली नाही म्हणून पार्टीने माल परत केला की लहान कारखानदार पुन्हा ‘जिगर’ या जुन्या रंगाई यंत्राकडे वळतो, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून चर्चासत्रात चित्रफीत दाखवण्यापेक्षा एका कारखान्यातल्या एका यंत्रावर, तुमच्याच गावच्या मागावर विणलेल्या कापडावर, खुल्या चाचण्या घेणे अधिक उपयोगाचे आहे. इचलकरंजीत वस्त्रतंत्रज्ञान शिकवणारी डीकेटीई ही संस्था १९८२ पासून आहे. पाच-सहा प्रोसेसधारक, अशी एखादी संस्था, रंग पुरवणारी कंपनी आणि निदान एक मोठा कापड व्यापारी एकत्र येऊन चाचणीतला तोटा आधीच वाटून घेतील, तर जे एकट्याला शक्य नाही ते गटाला जमेल. व्यापाऱ्याचा सहभाग यात ऐच्छिक मानू नये. ठरलेल्या छटांमध्ये ठरलेले मीटर कापड तो घेईल, असे लेखी असले पाहिजे.

एकट्याने खर्च केल्यास टिकणार कसे, याचे उत्तर तमिळनाडूतल्या तिरुप्पूरने फार मोठी किंमत मोजून दिले आहे. तेथील होजिअरीच्या रंगकामाचे क्षारयुक्त पाणी नोय्यल नदीत जात राहिले आणि सिंचनासाठी बांधलेल्या ओरतुपाळयम धरणात साठत गेले. खालच्या भागातल्या शेतकऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली. वर्षानुवर्षे मुदती मिळत आणि टळत गेल्या. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने द्रव विसर्ग शून्यावर आणू न शकलेली रंगाई केंद्रे बंद करण्याचा आदेश दिला आणि सातशेच्या आसपास कारखान्यांची कामे एकदम थांबली. त्यानंतर तेथील सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांनी गाळणपटलांची आणि बाष्पीभवनाची व्यवस्था उभी केली. आता बहुतांश पाणी पुन्हा रंगकामाला वापरले जाते आणि वेगळे काढलेले खारे द्रावणही रंगाईकडे परत जाते. त्याचा खर्च कापडाच्या दरात चढला, पण तो सगळ्यांच्याच दरात चढला, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तिरुप्पूरचा खरा धडा तोच आहे. नियम सर्वांना एकाच दिवशी लागू झाला तर प्रामाणिक माणूस स्पर्धेत मागे पडत नाही. पंचगंगेच्या काठी आदेशाची वाट न पाहता हे घडवायचे असेल, तर प्रोसेसधारकांच्या संघटनेनेच प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सर्वांसाठी एकच तारीख आणि एकच मोजमाप मागितले पाहिजे. ही मागणी कारखानदारांकडून आली तर तिचे वजन वेगळे असेल, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मी ठाण्यात राहते. घरातले जुने कपडे दुकानांनी ठेवलेल्या पेट्यांत टाकावेत, संस्थेला द्यावेत की पूर्वीसारखे बोहारणीला द्यावेत? ‘नवे तंत्रज्ञान’ म्हणतात ते या कपड्यांचे नेमके काय करते?

उत्तर : कपडा अंगावर घालण्याजोगा असेल, तर तो कोणाच्या तरी अंगावर जाणे हाच त्याचा सर्वोत्तम उपयोग आहे, आणि या कामात बोहारणीइतके कुशल कोणी नाही. स्टीलच्या भांड्याच्या बदल्यात कपडे घेताना ती शिवण उलटी करून पाहते, बगलेतला कस तपासते, काच्याजवळ विरलेली साडी बोटांनी ताणून बघते आणि मनातल्या मनात त्याचे तीन-चार वाटे करते. धुऊन-इस्त्री करून विकता येईल ते, दुरुस्तीने चालेल ते, कारखान्यात यंत्रे पुसायला जाईल असे सुती, आणि उरलेले. परदेशात हेच काम करणाऱ्या स्वयंचलित वर्गीकरण केंद्रांवर मोठा पैसा खर्च होतो आहे. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणे सदस्य देशांना बंधनकारक झाले. आपल्याकडे दारोदार जाऊन वेगळा गोळा करणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, परंतु शाश्वत वस्त्रोद्योगाच्या कोणत्याही परिषदेच्या व्यासपीठावर मला अद्याप एकही बोहारीण दिसलेली नाही. जनजागृतीची कोणतीही मोहीम आखताना पहिले निमंत्रण त्यांना जायला हवे. नवी मुंबई महानगरपालिकेने बेलापूर येथे जुन्या कपड्यांसाठी केंद्र सुरू केले आहे. इतर शहरांनी त्याचे अनुकरण करावेच, पण या महिलांचा धंदा हिरावून न घेता त्यांना त्याच केंद्रात ठरावीक उत्पन्नाचे काम द्यावे.

खेड्यापाड्यांत उपयोगी पडतील असे मजबूत कपडे गूंजसारख्या संस्थेला देता येतात. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने कपडा ही भीक नसून गावाने केलेल्या श्रमाचा मोबदला आहे, अशी पद्धत रुजवली. मात्र फाटके, डागाळलेले कपडे ‘दान’ म्हणून देऊ नयेत, ही विनंती.

अगदी जीर्ण कपड्यांचे काय होते, हे पाहायचे तर हरियाणातल्या पानिपतकडे पाहावे लागेल. तेथे जमिनीवर बसलेल्या बायका पात्यावर कपडा ओढून बटणे, चेन, अस्तर वेगळे काढतात आणि रंगांप्रमाणे ढीग लावतात. निळ्या कपड्यांपासून निळेच सूत निघते, म्हणून पुन्हा रंगवावे लागत नाही. चिंध्या दातेरी यंत्रात पिंजून त्यांचे तंतू मोकळे करतात आणि त्या आखूड तंतूंचे जाडेभरडे सूत काततात. त्यापासून ब्लँकेटे, चटया होतात. आपत्तीच्या काळात वाटली जाणारी करडी ब्लँकेटे बहुधा अशीच तयार झालेली असतात. मर्यादा अशी, की पिंजताना तंतू तुटून आखूड होतो, त्यामुळे शर्टापासून पुन्हा शर्ट होणे अवघड असते. शिवाय हवेत उडणारा धुरळा कामगारांच्या फुप्फुसांत जातो. म्हणून पानिपतचे कौतुक करताना धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रणेची मागणीही त्याच श्वासात केली पाहिजे.

दुकानातल्या पेट्यांबद्दल एवढेच सांगतो, की त्यात टाकलेल्या कपड्यांचे पुढे काय होते हे दुकानाने लेखी सांगितले तर टाकावेत, आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात मिळणाऱ्या सवलतीच्या कूपनाने नको असलेली खरेदी करू नये.

प्रश्न : पुण्यात ‘बांबूचे, पर्यावरणपूरक’ म्हणून टी-शर्ट मिळतात. ते खरेच बांबूचे असतात का?

उत्तर : बहुतेक वेळा तो व्हिस्कोस असतो. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात व त्यातून तंतू काढतात. तंतू तयार होईपर्यंत त्यात बांबूचा म्हणता येईल असा फक्त सेल्युलोज उरतो, आणि तोच सेल्युलोज कोणत्याही लाकडातून मिळतो. कार्बन डायसल्फाइड हे मज्जासंस्थेला घातक रसायन आहे. ते कारखान्यात कितपत परत पकडले जाते, यावर त्या कापडाचे चांगले-वाईट ठरते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दोन मोठ्या विक्रेत्यांवर, रेयॉनचा, म्हणजे व्हिस्कोससारख्या तंतूचा, माल ‘बांबूचा’ म्हणून विकल्याबद्दल कारवाई केली आणि दोघांनी मिळून ५५ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. लेबलवर लायोसेल (लगद्यापासूनच, पण वेगळ्या प्रक्रियेने काढलेला तंतू) असे लिहिलेले असेल तर तुलनेने बरे, कारण त्या प्रक्रियेत कार्बन डायसल्फाइड लागत नाही आणि वापरलेले द्रावक जवळजवळ पूर्णपणे परत मिळवले जाते.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात माझी कोरडवाहू कपाशी आहे. शाश्वत कापडाच्या गोष्टी शहरात चालतात. त्यातून कापूस पिकवणाऱ्याच्या हाती काय पडते? आणि नैसर्गिक रंगाचा कापूस पेरावा का?

उत्तर : आजवर फारसे पडलेले नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पडू शकेल अशा दोन-तीन गोष्टी मात्र आहेत आणि त्यांची चर्चा शेताच्या बांधावर व्हायला हवी.

पहिली गोष्ट कापसातल्या प्लॅस्टिकच्या धाग्याची. वेचणीला आणि साठवणीला खताची रिकामी पोती वापरली जातात. त्यांच्या कडांचे पॉलिप्रोपिलीनचे धागे सुटून कापसात मिसळतात, जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करताना, त्यांचे तुकडे होतात आणि रुईच्या गाठीत ते शोधूनही सापडत नाहीत. पांढऱ्या कापडातही ते दिसत नाहीत. कापड रंगवले की मात्र प्रत्येक तुकडा रंग नाकारतो आणि गडद निळ्या कापडावर बारीक पांढरी रेघ उमटते. सूतगिरण्यांना यासाठी इलेक्ट्रॉनिक डोळ्यांची यंत्रे बसवावी लागतात, निवडणीला माणसे लावावी लागतात, आणि तरीही परदेशी ग्राहक भारतीय रुईची बोलणी करताना याच दोषावर बोट ठेवतो. उपाय अगदी साधा आहे. वेचणाऱ्या बायांना सुती कापडाच्या ओट्या, डोक्याला रुमाल, आणि साठवणीला सुती चादर. ही माहिती कृषी विभागाच्या पत्रकांतून अनेकदा दिली जाते, तरी फरक पडत नाही, कारण स्वच्छ वेचलेल्या आणि पोत्यातल्या कापसाला बाजारात एकच भाव मिळतो. खरेदीच्या वेळी ओलावा आणि धाग्याची लांबी पाहतात, प्लॅस्टिकचा धागा कोणी मोजत नाही. जिनिंगवाल्याने आणि सूतगिरणीने एका गावाशी करार करून स्वच्छ कापसाला क्विंटलमागे ठरावीक रक्कम जास्त दिली, तर पत्रक छापण्याची गरजच उरणार नाही. ‘कस्तुरी कॉटन भारत’ या नावाने भारतीय कापसाची ओळख निर्माण करण्याचा आणि प्रत्येक गाठीचा मागोवा ठेवण्याचा उपक्रम केंद्र सरकार व उद्योग मिळून चालवत आहेत. त्यातून मिळणारी जादा किंमत गाठीपर्यंतच थांबते की वेचणाऱ्यापर्यंत उतरते, यावर त्याचे यश मोजले गेले पाहिजे.

दुसरी गोष्ट पऱ्हाटीची, म्हणजे वेचणीनंतर उरणाऱ्या कपाशीच्या वाळक्या झाडांची. हेक्टरी साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते आणि सरपणापुरती ठेवून उरलेली बहुतेक शेतातच जाळली जाते. बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत वाळलेली बोंडे राहतात आणि त्यांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भात जे केले ते आपण भोगलेले आहे. मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. १९२४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था सिरकॉट या नावाने ओळखली जाते आणि तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, जळणाच्या विटा आणि गोळ्या बनवण्याचे तंत्र या संस्थेने विकसित केले आहे. शेतकरी उत्पादक कंपनीने एक श्रेडर घेऊन गावोगाव पऱ्हाटी बारीक केली आणि जवळच्या बॉयलर असलेल्या कारखान्याशी पुरवठ्याचा करार केला, तर अळीचा बंदोबस्त आणि थोडे उत्पन्न दोन्ही साधते. पऱ्हाटी वजनाला हलकी आणि आकाराने मोठी असल्याने ती लांब वाहून नेणे परवडत नाही, म्हणून खरेदीदार जवळचाच हवा. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे केंद्र सरकारच्या योजनेतले पीएम मित्र वस्त्रोद्यान, म्हणजे कापड कारखान्यांची वसाहत, उभे राहत आहे. तेथे येणाऱ्या कारखान्यांच्या वाफेसाठी आसपासच्या तालुक्यांतली पऱ्हाटी घेण्याची अट आताच घालता येईल. कारखाने उभे राहिल्यावर ती घालणे कठीण जाईल.

नैसर्गिक रंगाच्या कापसाबद्दलही आपण विचारले आहे. ‘वैदेही-९५’ हे तपकिरी रुईचे वाण उपलब्ध आहे आणि त्याच्या कापडाला रंगाईच लागत नाही. परंतु उत्पादन पांढऱ्या कापसापेक्षा फार कमी येते आणि पांढऱ्या कापसात त्याची सरमिसळ होऊ नये म्हणून वेचणी, साठवण, जिनिंग सारे स्वतंत्र ठेवावे लागते. खरेदीदाराचा लेखी करार हातात असल्याशिवाय ते पेरू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

प्रश्न : मी वस्त्रतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे. कापसाच्या टाकाऊ तंतूंवर केलेल्या प्रकल्पाचे महाविद्यालयात कौतुक झाले, परंतु एकाही कंपनीने उत्तर दिले नाही. उद्योगाला नवे नको आहे का?

उत्तर : उद्योगाला नवे नको असते असे नाही, त्याला पहिला बळी व्हायचे नसते. स्वीडनमधल्या रिन्यूसेल या कंपनीची हकिगत आपण अवश्य अभ्यासावी. जुन्या सुती कपड्यांपासून विरघळवता येईल असा लगदा बनवण्याचे तिचे तंत्र सिद्ध झालेले होते, एच अँड एमसारखी बडी कंपनी तिची भागधारक होती, आणि २०२२ मध्ये सुंद्सवाल येथे तिने वर्षाला ६०,००० टन क्षमतेचा कारखाना सुरू केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने दिवाळे जाहीर केले. तिचा लगदा आधी तंतू बनवणाऱ्याने, मग सूत कातणाऱ्याने, मग विणणाऱ्याने आणि शेवटी ब्रँडने घ्यायचा होता. प्रत्येक जण पुढच्याच्या ऑर्डरची वाट पाहत राहिला आणि नेहमीच्या लगद्यापेक्षा थोडी जास्त किंमत मोजायला मधला कोणीच तयार झाला नाही. पुढे नव्या मालकांनी तिला विकत घेऊन सर्क्युलोज या नावाने पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न चालवला. इतका पैसा आणि इतकी सदिच्छा असलेल्या प्रकल्पाची ही गत झाली, यावरून साखळीतल्या सर्वांची बांधिलकी नसताना एकट्या शोधाचे काय होते, हे ध्यानात येईल.

आपल्याकडे या सहकार्याची परंपरा नव्हती असे नाही. अहमदाबादच्या गिरण्यांसाठी १९४७ मध्ये अटिरा ही संशोधन संस्था उभी राहिली. विक्रम साराभाई तिच्या संस्थापकांपैकी होते. मुंबईत वरळीला सस्मिरा ही अशीच संस्था आणि १९५४ मध्ये बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन अर्थात बीटीआरए स्थापन झाली. गिरण्या सभासद व्हायच्या, वर्गणी द्यायच्या, आपली अडचण घेऊन यायच्या आणि प्रयोगशाळेत निघालेला उपाय गिरणीतला तांत्रिक अधिकारी मागावर चालवून पाहायचा. हा अधिकारी म्हणजे दोन्ही बाजूंची भाषा जाणणारा दुवा होता. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि कापडाचे उत्पादन भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकले. दहा-वीस मागांच्या शेडमध्ये मालक असतो, जॉबर (मुकादम) असतो, कामगार असतात, पण तांत्रिक अधिकारी नसतो. प्रयोगशाळा तिथेच आहे आणि माग तिथेच आहेत, मधला माणूस मात्र नाहीसा झाला आहे. महाराष्ट्राच्या २०२३ ते २०२८ या वस्त्रोद्योग धोरणात पुनर्वापराचा आणि टाकाऊ कापडाचा विचार आहे, हे स्वागतार्ह आहे. माझे मत विचाराल तर त्यातला मोठा निधी यंत्रांच्या अनुदानापेक्षा या मधल्या माणसांच्या पगारावर खर्च व्हावा. यंत्रमाग वसाहतीत पन्नास-शंभर शेडमागे एक पदवीधर तंत्रज्ञ असला, तर आपल्यासारख्यांना कामही मिळेल आणि प्रकल्पांना मागही मिळतील.

आपल्या प्रकल्पासाठी तूर्त तीन गोष्टी करा. कंपनीला ‘पर्यावरणपूरक’ असे न लिहिता सुताचा नंबर (जाडी-बारीकी), ताकद, तुटण्याचे प्रमाण आणि किलोमागे खर्च लिहा. सूतगिरणीचा खरेदी अधिकारी हे चार आकडे पाहिल्याशिवाय पत्र पुढे वाचत नाही. बीटीआरए किंवा सिरकॉटकडून नमुन्याचा चाचणी अहवाल घ्या. आणि लोकांना तो प्रत्यक्ष दाखवा. हाँगकाँगच्या हक्रिटा या संशोधन संस्थेने एच अँड एम फाउंडेशनच्या साहाय्याने २०१८ मध्ये एका जुन्या सूतगिरणीच्या आवारात काचेआड छोटीशी यंत्रमालिका बसवली. जुना कपडा निर्जंतुक होतो, पिंजला जातो, त्याचे सूत होते आणि नवा कपडा विणला जातो, हे सारे येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसत असे. दोन वर्षांनी तीच कल्पना स्टॉकहोमच्या एका दुकानात आली. त्यातून निघणारा माल अगदी थोडा होता आणि सुताला बळ यावे म्हणून थोडा नवा तंतूही मिसळावा लागत होता, ही मर्यादा त्यांनी लपवली नाही. तरीही लोकांनी आणि खरेदी अधिकाऱ्यांनी काम होताना पाहिले, आणि नुसत्या अहवालाने जो विश्वास बसत नाही तो बसला. नागपूर किंवा मुंबईच्या वस्त्रप्रदर्शनात असे एखादे चालते दालन लावायला फार मोठा खर्च येणार नाही.

प्रश्न : ‘सेंद्रिय’, ‘शाश्वत’, ‘हरित’ असे लिहिलेल्या कपड्यांवर विश्वास कसा ठेवावा? तक्रार कुठे करावी?

उत्तर : नुसत्या विशेषणावर ठेवू नये. जीओटीएस (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाचे चिन्ह असेल तर त्यासोबत प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक हवा, आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. ‘सेंद्रिय’ या दर्जासाठी किमान ९५ टक्के, तर ‘सेंद्रिय तंतू वापरलेले’ या दर्जासाठी किमान ७० टक्के प्रमाणित सेंद्रिय तंतू लागतात. प्रमाणपत्रही खोटे असू शकते. भारतातल्या सेंद्रिय कापसाच्या साखळीत बनावट प्रमाणपत्रे वापरली गेल्याचे जीओटीएसनेच २०२० मध्ये जाहीर केले होते. ते लपवले नाही म्हणूनच त्या चिन्हावरचा विश्वास टिकला, असे मी मानतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली असून, पुराव्याशिवाय असे शब्द वापरता येत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

प्रश्न : नाशिकजवळच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलांना या विषयाची गोडी लागावी म्हणून पोस्टर आणि घोषणांखेरीज काय करता येईल?

उत्तर : विज्ञानाच्या तासाला धागे जाळून पाहण्याचा प्रयोग करा. मुलांना घरून जुन्या कपड्यांच्या शिवणीतून काढलेला एकेक धागा आणायला सांगा आणि तो चिमट्यात धरून, शेजारी पाण्याचे भांडे ठेवून, आपण स्वतः मेणबत्तीवर धरा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मऊ करडी राख उरते. लोकरीला जळालेल्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो आणि गार झाल्यावर त्याचा काळा टणक मणी होतो. शेवटी शाळेच्या गणवेशाचा धागा घ्या. तो बहुधा थोडा जळेल आणि थोडा वितळेल, राखही राहील आणि टणक कणही राहतील, कारण गणवेशाचे कापड साधारणपणे पॉलिएस्टर आणि सुती किंवा व्हिस्कोस यांचे मिश्रण असते. ही मिसळ पुन्हा वेगळी करणे हाच पुनर्वापरातला सर्वांत अवघड भाग आहे, हे सांगायला त्यानंतर पोस्टर लागत नाही.

हक्रिटाने गरम पाणी, दाब आणि थोडे सेंद्रिय आम्ल वापरून अशा मिश्र कापडातला पॉलिएस्टर वेगळा काढण्याचे तंत्र विकसित केले आहे. मोठ्या मुलांना ते समजेल.

यापुढचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे आहे. गणवेशाचे कापड दर वर्षी एकगठ्ठा घेतले जाते, म्हणजे शाळा ही लहानशी पण निश्चित खरेदीदार आहे. पुढच्या खरेदीपूर्वी पुरवठादाराला तंतूंचे प्रमाण आणि कापड कोठे रंगवले ते कारखान्याचे नाव लेखी मागा. बटणे आणि बिल्ले सहज उसवता येतील अशी शिवण, आखूड झालेल्या पँटला सोडता येईल इतकी दुमड आणि लहान झालेले गणवेश धाकट्यांसाठी जमा करण्याची व्यवस्था या तिन्ही गोष्टी मागणीपत्रात लिहिता येतात. तालुक्यातल्या दहा शाळांनी एकत्र येऊन एकच मागणीपत्र काढले, तर पुरवठादार त्याकडे दुर्लक्ष करू शकणार नाही. अशा मागणीपत्राचा मसुदा तयार करण्यास मी आनंदाने मदत करीन. आपण संपादकांच्या पत्त्यावर शाळेची पटसंख्या आणि सध्याच्या कापडाचा एक तुकडा पाठवावा.